बेटावरचे कच्चे रस्ते आणि मनगटातली भीती

पत्र थोडक्यात: पत्रलेखकांनी चाळिशी ओलांडली आहे. नऊ वर्षं ते एकच मोटरसायकल चालवतात. साडेसहाशे सीसीची, सतरा इंची अलॉय चाकांची, टाकी भरली की दोनशे किलोंच्या वर जाणारी, डांबरी रस्त्यासाठीच बनवलेली गाडी. त्यांच्या चार मित्रांनी एका बेटावर चार दिवस फिरायचं ठरवलं आहे. गाड्या बोटीवर चढवून न्यायच्या आणि बेटाला पूर्ण वळसा घालायचा. साधारण ३५० किलोमीटरचा रस्ता, त्यातला २०० किलोमीटरच्या आसपास कच्चा. चारही मित्रांकडे उंच ॲडव्हेंचर गाड्या, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालतील अशा बनवलेल्या मोटरसायकली आहेत. "येणार असशील तर धड गाडी घेऊन ये, तुझ्यासाठी थांबत बसणार नाही," असं त्यांतला एक म्हणाला. पत्नीला मागे बसून यायचं आहे आणि ती उत्साहात आहे. दोन वर्षांपूर्वी खडी पसरलेल्या एका मोकळ्या जागेत गाडी वळवताना पत्रलेखक पडले आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून खडी दिसली की पोटात गोळा येतो, हे त्यांनी पत्नीला सांगितलेलं नाही. ते विचारतात: "ताई, माझी गाडी त्या रस्त्यांवर चालेल का? की कर्ज काढून नवी घेऊ? की काहीतरी कारण सांगून जाणंच टाळू?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते गाडीबद्दलचं पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की टायर, चाकाचा आकार, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि मनगट मोडल्याचं एका ओळीत, तेही कंसात. मी त्या कंसाकडे येणारच आहे. पण तुम्ही सरळ प्रश्न विचारलाय, तर आधी त्याचं सरळ उत्तर देते.

हो, गाडी चालेल. रस्ता कोरडा असेल, त्यावरून रोज साध्या मोटारी जात असतील आणि तुम्ही तुमच्या वेगाने जाणार असाल, तर चालेल. खोल वाळू, ओला चिकणमातीचा चिखल, पूल नसलेले ओढे आणि डोक्याएवढे दगड असलेली वाट, या चार ठिकाणी मात्र ही गाडी नेऊ नका. तिथे तुमचं कौशल्य कितीही असलं तरी सतरा इंची पुढचं चाक आणि रुंद गुळगुळीत टायर तुम्हाला साथ देणार नाही. तेव्हा बोटीचं तिकीट काढण्याआधी त्या २०० किलोमीटरमध्ये यातलं काय काय आहे हे शोधून काढा. नकाशावर सगळा कच्चा रस्ता एकाच रंगाचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो एकसारखा कधीच नसतो.

रस्त्याची गाडी आणि कच्चा रस्ता यांचं जन्मजात वैर आहे असं आपण आता धरून चालतो. ते खरं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधलं आइल ऑफ मॅन हेही एक बेटच. तिथल्या मोटरसायकलच्या टीटी शर्यती १९११ साली पहिल्यांदा डोंगरावरच्या मार्गावर झाल्या, तेव्हा डोंगरावरचा तो रस्ता म्हणजे जवळजवळ बैलगाडीची वाट होती. मेंढरं अडवायला रस्त्यावर फाटकं होती आणि सकाळी सगळ्यांत आधी निघणाऱ्यानं ती उघडत जायची. त्या वर्षी मोठ्या गटाची शर्यत ऑलिव्हर गॉडफ्रे यानं 'इंडियन' नावाच्या अमेरिकी कंपनीच्या मोटरसायकलवर जिंकली, सरासरी वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर. 'ॲडव्हेंचर' हा शब्द गाडीच्या जाहिरातीत यायला तेव्हा कित्येक दशकं बाकी होती. हे सांगतेय ते तुम्ही ७७ च्या वेगाने जावं म्हणून नव्हे. त्या गाड्या तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी हलक्या होत्या आणि चालवणारे शर्यतीतले होते. पण "अमुक गाडी नसेल तर अमुक रस्त्यावर जाताच येत नाही" हे वाक्य तुम्ही मित्राकडून जसंच्या तसं घेतलंय. ते जरा तपासून बघा.

मग उंच गाड्यांना काय जास्त मिळतं? पुढचं चाक मोठं, १९ किंवा २१ इंची, त्यामुळे खड्ड्यात पडण्याऐवजी ते त्यावरून जातं. शॉकअपला दबायला जागा जास्त. हँडल रुंद आणि उंच, म्हणून उभं राहून चालवता येतं. या सगळ्यानं आराम मिळतो आणि चुकीला थोडी जास्त माफी मिळते. पण सैल खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर पाडण्यात कुठलीच गाडी भेदभाव करत नाही. उलट त्यातल्या बऱ्याच गाड्या तुमच्या गाडीपेक्षा जड असतात आणि सीट उंच असल्यामुळे पाय जेमतेम टेकतात. खडीवर गाडी कलायला लागली की पाय पक्का टेकणं किती मोलाचं असतं, हे तुमच्या मनगटाला ठाऊक आहे.

म्हणून कर्ज काढून नवी गाडी घेण्याच्या कल्पनेला माझा आत्ता तरी नकार आहे. नवी गाडी घेऊ नका असं नाही. सहलीच्या तोंडावर घेऊ नका. अनोळखी, उंच आणि जड गाडी, अनोळखी रस्ता, जुनी भीती आणि मागे बसलेलं माणूस, एवढं सगळं एकाच दिवशी एकत्र येऊ देऊ नका. नऊ वर्षं चालवलेल्या गाडीचा क्लच कुठे पकडतो, रेस किती दिली की ती किती ओढते, हे तुमच्या हातांना विचार न करता कळतं. खडीवर याच गोष्टीचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो.

आता तो कंस.

मीही पडले आहे. असाच बेटावरचा रस्ता होता, वर वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले. समोरून एक डिलिव्हरी व्हॅन आली. वाट द्यायला मी कडेला घेतलं. कडेला खडी जास्त साचलेली असते, हे मला पुस्तकी माहीत होतं. माझी नजर कडेच्या चरावर गेली आणि तिथेच अडकली. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते. चर जवळ येतोय म्हणून हात आवळले गेले, उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर होतीच, तीही आवळली गेली. वेग पंचविसाच्या आसपास असेल. पुढचं चाक एकदम नाहीसं झाल्यासारखं वाटलं आणि मी जमिनीवर होते. व्हॅनवाल्यानं थांबून गाडी उचलायला मदत केली. घोटा सुजला होता आणि क्लचची लिव्हर निम्म्यात तुटली होती. उरलेल्या तुकड्यावर दोन बोटं जेमतेम बसत होती. तशा दोन बोटांनी क्लच दाबत मी गावापर्यंत आले. संध्याकाळी बघितलं तर बोटांवर लिव्हरच्या तुटक्या कडेचा लाल वळ उठला होता.

पुढचे काही महिने खडी दिसली की मी हँडल इतकं घट्ट धरायची की खांदे दुखायचे. मला ती खबरदारी वाटायची, पण तीच माझी अडचण होती. खडीवर पुढचं चाक सतत थोडंथोडं इकडेतिकडे सरकत असतं. त्याला सरकू दिलं तर ते आपोआप सरळ होतं, कारण फिरतं चाक आणि पुढच्या फोर्कचा कल मिळून त्याला पुन्हा रेषेत आणतात. हात आवळले की आपण ते सरळ होणं रोखतो आणि चाकाची प्रत्येक थरथर हँडलमधून आख्ख्या गाडीला देतो. म्हणजे मोडलेल्या मनगटाची भीती मनगटच घट्ट करते आणि घट्ट मनगट पुन्हा पडायची सोय करतं. तुमचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. तो नवीन गाडीनं सुटत नाही आणि सहल टाळूनही सुटत नाही. सरावानं सुटतो, तोही फार लांबलचक नाही.

सराव असा करा. सपाट, मोकळी, खडी किंवा मुरूम असलेली जागा शोधा. एकटे जाऊ नका, कुणालातरी सोबत न्या. हातमोजे, घोटा झाकणारे बूट, गुडघ्याचे पॅड, सगळं घालून जा. पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, फक्त सरळ जा. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं थोडी बाहेर काढा आणि बोटं इतकी सैल ठेवा की मध्येच ती उघडून मिटता येतील. दर काही सेकंदांनी मुद्दाम उघडून बघा. ती उघडत नसतील तर थांबा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. हे जमलं की फक्त मागचा ब्रेक दाबून चाक घसरू द्या. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असेल तर पायाखाली खटखट जाणवेल, घाबरू नका. मागचं चाक थोडं घसरलं तरी माणूस पडत नाही, हे शरीराला कळणं फार गरजेचं आहे. डोक्याला ते आधीच कळलेलं असतं, पण शरीराला कळायला तीन-चारदा अनुभव घ्यावा लागतो. मग पुढचा ब्रेक, एका बोटानं, हळूहळू वाढवत. किती दाबला की टायर खडीत कुरकुरतो, ते कानानं ऐका. तो कुरकुर आवाज म्हणजे मर्यादा जवळ आली.

वळणाचा सराव शेवटी. डांबरावर आपण गाडीबरोबर आत झुकतो. खडीवर उलटं करायचं. गाडी हलकीच आत कलू द्या, पण स्वतः ताठ राहा आणि वळणाच्या बाहेरच्या फूटरेस्टवर वजन टाका. त्यानं टायर खडीत रुतून राहतो. तुमचं हँडल खाली असल्यामुळे पूर्ण उभं राहून चालवणं अवघड जाईल. त्याचा हट्ट नको. सीटवरून बूड दोन बोटं उचललं आणि वजन पायांवर घेतलं तरी पुष्कळ काम होतं.

असं तीन-चार वेळा, तासभर करा. त्यानंतरही हात सुटत नसतील तर या वेळी कच्चा भाग सोडून द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. कच्च्या रस्त्यावर चालवायला शिकवणारे प्रशिक्षक मिळत असतील तर नव्या गाडीच्या आधी त्यांच्यावर खर्च करा.

एबीएसबद्दल तुम्ही विचारलंय. सैल खडीवर जाम झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा छोटा ढीग साचवतं आणि तो ढीग गाडीला अडवतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ढीग साचत नाही आणि थांबायला अंतर जास्त लागतं. पण तेच एबीएस पुढचं चाक जाम होण्यापासून वाचवतं आणि पुढचं चाक जाम झालं की आपण पडतोच. तेव्हा बंद करायची सोय असली तरी पुढचं बंद करू नका, अंतर जास्त ठेवा. वेग ६० वरून ४० वर आणला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर निम्म्याहूनही कमी होतं. दुसऱ्या कुठल्याही उपायानं इतका फरक पडत नाही.

रस्ता वाचायला शिका. मोटारींच्या चाकांनी दाबून घट्ट झालेल्या दोन पट्ट्या दिसतात, तीच तुमची चाकोरी. दोन्हींच्या मधे आणि कडेला खडीचा वरंबा असतो. एका चाकोरीतून दुसरीत जायचं झालं तर वरंब्याला तिरकं घासत जाऊ नका. वेग कमी करा, जमेल तितकं काटकोनात घ्या आणि रेस एकसारखी ठेवा. नुकताच ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र फिरलं असेल तर चाकोरीच राहिलेली नसते, सगळीकडे सैल माल. तो दिसायला छान गुळगुळीत रस्ता सगळ्यांत फसवा.

पन्हळी पत्र्यासारख्या लाटांचा त्रास सगळ्याच कच्च्या रस्त्यांवर होतो. त्या रस्ता बांधणाऱ्याच्या चुकीनं येतात असं अनेकांना वाटतं. खरं तर त्या आपल्या चाकांनीच होतात. बारीकशा उंचवट्यावरून चाक उडतं, पुढे आपटतं, तिथली माती ढकलतं, मागून येणारं चाक तेच करतं. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक साधं चाक ठेवून केलेले प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. ठरावीक वेगाच्या वर गेलं की सपाट वाळूवर लाटा आपोआप उठतात, असं त्यांत दिसलं. वळणाच्या अलीकडे आणि चढावर त्या जास्त असतात, कारण तिथे गाड्या ब्रेक मारतात किंवा जोर लावतात. मोटारवाले वेग वाढवून लाटांच्या माथ्यावरून तरंगत जातात. तुम्ही तसं करू नका, दोन चाकांवर त्या वेगाला जमिनीची पकड फार थोडी उरते. कडेची किंवा मधली कमी लाटांची पट्टी शोधा आणि हळू जा.

बेटाबेटाची माती वेगळी असते, हे मित्रांशी बोलताना लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर लोहयुक्त दगडाचे गोल खडे असतात, ते टायरखाली छर्‍यांसारखे गडगडतात. संध्याकाळी तिथे प्राणी रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचलेलं बरं. आइसलँडमध्ये डांबर संपतं तिथे 'माल्बिक एन्डार' अशी पाटी असते, अर्थ एवढाच की डांबर संपलं. तिथे गावाबाहेर डांबरावर ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे आणि कच्च्यावर ८० ची, पण डांबरावरचा वेग तसाच घेऊन खडीवर उतरणारे तिथेच घसरतात. तुमच्या बेटावर अशी पाटी असेल की नाही कोण जाणे. डांबराचा रंग पुढे बदललेला दिसला की सरळ रेषेत असतानाच, डांबरावरच ब्रेक मारून घ्या. प्रवाळी बेटांवर प्रवाळाचा चुरा दाबून रस्ते करतात. कोरडे असताना ते छान घट्ट असतात, पाऊस पडला की वर पांढरट राड येते आणि टायर साबणावरून गेल्यासारखा जातो. तुमचं बेट यातलं कुठलं, ते तिथल्या माणसाला विचारा आणि "काल पाऊस झाला का?" हेही विचारा.

आता मित्र. "तुझ्यासाठी थांबत बसणार नाही" हे वाक्य तुम्हाला लागलं. मलाही आवडलं नाही. पण त्यावर तुम्ही दोनच उत्तरं धरलीत: त्यांच्या बरोबरीनं जायचं किंवा जायचंच नाही. त्यांना थांबावं लागू नये अशी व्यवस्था तुम्हीच सुचवा. रोज सकाळी तुम्ही त्यांच्या तासभर आधी निघा. दोन-तीन ठिकाणं भेटीची ठरवा. मधला एखादा कच्चा फाटा तुम्हाला नको वाटला तर डांबरी रस्त्यानं पुढे जाऊन थांबा. आधी निघालात तर त्यांची धूळही खावी लागत नाही. मागे राहिलात तर धुळीचा ढग पूर्ण खाली बसेल इतकं अंतर ठेवा. धुळीतून जाणं म्हणजे डोळे मिटून जाणं. आणि बेटावर तुमच्या मागे कुणीतरी येणारं असणं फार मोलाचं आहे, कारण फोनला रेंज नसली तर पडलेल्या माणसाला तेच शोधतं. हे शेवटचं त्यांना आवर्जून सांगा. शेवटी निघणाऱ्यानं पुढच्या सगळ्यांची खात्री करत यायचं, हा नियम उंच गाडीवाल्यांच्याही भल्याचा आहे. एवढं सांगूनही ते ऐकणार नसतील, तर त्या लोकांबरोबर बेटावर जाण्यात गाडीपेक्षा मोठा धोका आहे आणि न जाण्याचं कारण खोटं सांगायची गरज नाही.

शेवटची बोट हा बेटावरचा खास धोका. परतीच्या दिवशी दुपारी घड्याळ बघत, सामान बांधून, दमलेल्या अंगानं माणूस चुकतो. शेवटच्या दिवसासाठी कच्चा रस्ता ठेवूच नका. ती वाट पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी करून टाका.

तुमच्या पत्नीबद्दल लिहिताना मी जरा थांबले. तुम्ही लिहिता, "तिला उगाच काळजी नको म्हणून सांगितलं नाही." पण ती तुमच्या पाठीशी बसणार आहे. तुमचे आवळलेले खांदे तिच्या हातांना कळणार आहेत, फक्त का ते कळणार नाही. मागे बसलेल्याला खडी दिसत नाही, ब्रेक कधी लागणार ते कळत नाही आणि पडताना हात टेकायलाही सवड मिळत नाही. शिवाय मागे वजन आलं की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर तेच नको असतं. कच्च्या २०० किलोमीटरवर तुम्ही तिला मागे बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान या खेपेला नाही. बेटावर मोटार भाड्यानं मिळत असेल तर तिनं ती चालवावी, सामानही त्यातच जाईल आणि तुमची गाडी हलकी राहील. डांबरी भागात ती मागे बसेल. भाड्याच्या वाहनाचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू असतो का, हे करारात नीट वाचा. बऱ्याचदा तो वगळलेला असतो. हेच तुमच्या गाडीच्या विम्यालाही विचारा. पण ही व्यवस्था तिच्यापुढे मांडायची तर आधी मनगटाची गोष्ट सांगावी लागेल, आणि तिनं ती तुमच्या तोंडून ऐकायला हवी. सरावाच्या मोकळ्या जागेवर सोबत कुणाला न्यायचं, हा प्रश्नही त्यातच सुटेल असं मला वाटतं.

तयारीचं आता भरभर सांगते. टायरची नक्षी झिजली असेल तर आधी टायर बदला. हवा डांबरावर पुढे ३६ असेल तर कच्च्यावर ३० पीएसआयपर्यंत उतरवा. मागचीही त्याच बेतानं कमी करा, पण त्याहून फार खाली जाऊ नका. अलॉय चाक आणि बुटका टायर असताना हवा फार कमी झाली तर दगडावर रिम वाकते आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथून निसटते. छोटा पंप, हवा मोजायचं मीटर आणि पंक्चरच्या पट्ट्या सोबत हव्यातच. क्लच आणि ब्रेकची एकेक जादा लिव्हर घ्या, कारण मी सांगितलंच. तुमच्या गाडीचे एक्झॉस्टचे पाइप आणि ऑइल फिल्टर इंजिनाच्या पुढे खाली उघडे असतात. मोठा दगड दिसला तर त्याला दोन चाकांच्या मधे घेऊ नका, बाजूनं जा. रेडिएटरला जाळी बसवा. पन्हळ्यांनी नटबोल्ट सैल होतात, तेव्हा रोज मुक्कामाला आरसे, नंबर प्लेट, सामानाचं कॅरियर हातानं हलवून बघा. पेट्रोल पंप दिसला की अर्धी टाकी असली तरी भरा.

बोटीच्या डेकचा पत्रा ओला असतो, तिथे चढता-उतरताना खडीसारखीच सावधगिरी हवी. गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा. पट्टे असे आवळा की पुढचे शॉकअप थोडे दबलेले राहतील. आणि बांधून झाल्यावर स्वतः एकदा हलवून बघा, दुसऱ्यानं बांधलं म्हणून निघून जाऊ नका.

चेनवर धूळ आणि वंगण मिळून काळी उगाळलेली पेस्ट तयार होते, ती रोज फडक्यानं पुसा. परत आल्यावर गाडी गोड्या पाण्यानं धुवा, कारण समुद्राचं मीठ चेन, डिस्कचे बोल्ट आणि वायरींची टोकं खातं. डांबर लागलं की आधी थांबून हवा पूर्ववत भरा. टायरला अजून धूळ असते, म्हणून पहिली दोन-तीन वळणं कलतं न घेता सावकाश घ्या आणि ब्रेक एकदोनदा हलके दाबून बघा. तोवर हात उघडून झटका, मनगट गोल फिरवा. तुमचं उजवं मनगट त्या वेळी किती सैल आहे, ते मला कळवा.